पाच माद्या

संग्रहालयात तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला दारावरचा रखवालदारसुद्धा. कीटक विभागात तिचं काम मांडणीचं. पाकिटात पंख मिटून आलेली मेलेली फुलपाखरं दमट डब्यात ठेवून मऊ करायची, छातीतून टाचणी घालायची, मधे खाच असलेल्या लाकडी पाटीवर पंख पसरून कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे, आणि वाळली की खाली चिठ्ठी लावून खणात ठेवायची. चौतीस वर्षं तिने हेच केलं होतं. मोठ्या पंखांची रंगीबेरंगी फुलपाखरं कुणीही मांडेल. खरा कस लागतो तो स्किपर नावाचं छोटं फुलपाखरू मांडताना. जाडजूड अंग, आखूड पंख आणि खांद्यात एवढा जोर, की मेल्यावरही पंख सोडले की टणकन मिटतात. नवीन आलेले लोक दोन-चार स्किपरांचे पंख फाडायचे आणि हात जोडून म्हणायचे, "ताई, तुम्हीच बघा बाई हे."

ती बघायची. तिचा हात कधी हलला नाही. लोक म्हणत, ताईंचं काळीज थंड आहे म्हणून हात स्थिर आहे. मुलगी गेली तेव्हा हिच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही, हेही लोक म्हणत, पण ते तिच्या पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, कारण ते खरंच होतं. तेवीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांची मुलगी चार दिवसांच्या तापात गेली, आणि त्या दिवसापासून हिच्या आत जे गप्प झालं ते गप्पच राहिलं. ती जेवायची, झोपायची, वेळेवर कामाला यायची. कुणी विनोद केला तर कुठे हसायचं ते तिला कळायचं आणि ती हसायची.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी बसायची नाही म्हणून.

त्या वर्षी संग्रहप्रमुखांच्या डोक्यात आलं, की शाळेच्या मुलांसाठी एखाद्या फुलपाखराचा सगळा जीवनक्रम मांडायचा: अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. "आणि रंगीत नको, ताई. रंगीत सगळेच दाखवतात. आपल्या मागच्या ओढ्याकाठी ते तपकिरी स्किपर आहे ना, तेच घेऊ. मुलांना कळू दे, हा पतंग नव्हे. मिशीच्या टोकाला आकडा असतो, तो दाखवू."

ताईने जाळीच्या पिंजऱ्यात रुंद पात्याचं गवत लावलं आणि ओढ्याकाठून एक मादी पकडून आत सोडली. साधी, शंभर वर्षांपासून पुस्तकात असलेली जात. पुढच्या पंखावर काचेसारखे पारदर्शक ठिपके, बाकी सगळं चहाच्या डागासारखं. मादीने बावीस अंडी घातली. त्यातल्या सतरा अळ्या मोठ्या झाल्या, एका बरणीत एक अशा. प्रत्येक अळी पात्याच्या दोन्ही कडा रेशमाच्या टाक्यांनी ओढून घ्यायची, नळी करायची आणि आत बसून राहायची. खाण्यापुरती बाहेर. विष्ठा मात्र घरात ठेवायची नाही, अंगाच्या मागच्या टोकाने जोरात लांब उडवायची, कारण तिच्या वासावर गांधीलमाश्या माग काढत येतात. शांत दुपारी बरणीच्या झाकणावर टप्प, टप्प असा आवाज यायचा. प्रमुख हसायचे, "ताई, तुमच्या पाहुण्यांची नेमबाजी चाललीय."

सतरा बरण्या एका फळीवर मावेनात. म्हणून आठ तिने वाळवणीच्या कपाटाशेजारी ठेवल्या, तिथे कायम ऊब असे. नऊ मागच्या खोलीत ठेवल्या. त्या खोलीच्या खिडकीची कडी तुटलेली, आणि थंडीचे दिवस. एवढंच. यात तिचा काही हेतू नव्हता.

उबेतली फुलपाखरं आधी निघाली. आठच्या आठ आईसारखी. थंडीतली महिनाभर उशिरा निघाली. पाच नर, त्यांच्या पुढच्या पंखावर नराची असते ती करडी तिरकी रेघ, पाचही नेहमीचे. आणि चार माद्या.

पहिली मादी तिने पाटीवर घेतली, टाचणी घातली, उजवा पंख वर ओढला आणि थांबली. पंखाच्या मधल्या कप्प्यात दोन जादा ठिपके होते, एकाखाली एक. मागच्या पंखाची खालची बाजू फिकी, जवळजवळ राखी. तिने दुसरी घेतली. तेच. तिसरी, चौथी, तेच.

असं फुलपाखरू तिने आधी पाहिलं होतं. जगाच्या पाठीवर त्याचे पाचच नमुने होते, आणि पाचही तिनेच मांडले होते. तिसऱ्या कपाटात, बाराव्या खणात, नव्या जातीच्या मूळ नमुन्यांना लावतात त्या लाल चिठ्ठीखाली. त्या जातीला तिच्या मुलीचं नाव होतं.

तिने पट्ट्या दाबल्या, टाचण्या लावल्या, चारही माद्या नीट मांडून झाकल्या. मग हात धुतले. डबा खाल्ला.

त्या पाच नमुन्यांची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना अर्धी माहीत होती. ताईचा नवरा याच विभागात शास्त्रज्ञ होता. लग्नाआधी ती त्याला सर म्हणायची, लग्नानंतर 'अहो' झालं, बाकी सगळे सरच म्हणत राहिले. मुलगी गेल्यावर वर्षभरात सरांनी नवीन स्किपर जाहीर केलं आणि त्याला मुलीचं हजेरीपटावरचं नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून. लोकांना गहिवरून आलं. कुणीतरी पेढीवर फोटो ठेवतं, कुणी बाक बांधून देतं, सरांनी फुलपाखरू दिलं.

उरलेली अर्धी गोष्ट चिठ्ठ्यांवर होती. त्या पाच माद्या ज्या दिवशी डोंगरातल्या झऱ्यावर पकडल्या, ती तारीख ताईनेच बारीक अक्षरात लिहिली होती. त्या दिवशी भिंगरीला ताप येऊन दोन दिवस झाले होते. सर तंबूत होते, फोन पोहोचत नव्हता. निरोप घेऊन माणूस गेला तेव्हा त्यांनी सांगितलं, उद्या निघतो, इथे काहीतरी वेगळं मिळतंय. साधा तापच तर होता, निरोपातही तसंच होतं. ते घरी पोहोचले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती गेली.

यावर दोघांचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिची नणंद म्हणायची. नऊ वर्षं दोघं एका घरात एकमेकांना वाट देत वावरले, आणि मग एक दिवस सर दोन पेट्या घेऊन बहिणीकडे राहायला गेले. त्यालाही चौदा वर्षं झाली. आता ते निवृत्त होते.

आठवडाभर ताई काही बोलली नाही. मग तिने ती पाटी प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"एकाच आईची?"

"एकाच."

"थंडीचा परिणाम. हवामानाचं रूप आहे हे, वेगळी जात नाही." त्यांनी कपाटातून सरांचा जुना लेख काढला, पान उलटलं आणि बोट ठेवलं. 'नर: अज्ञात.' "बघा ना, पाचही माद्या. नर सापडणार कसा? नर रोज समोरून उडत होता, साधा." मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय, आणि ते ओशाळले. "ताई, हे छापावं लागेल. पण सरांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

"मी येऊ का बरोबर?"

"कशाला?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नाही कशाला.

नणंदेने दार उघडलं आणि तिला नखशिखांत न्याहाळलं. वन्सं सत्तरीच्या, तोंडाने फटकळ, मनाने बऱ्या. "काय गं, वाट चुकलीस की कुणी मेलं?"

"कुणी नाही मेलं, वन्सं. ह्यांच्याशी काम होतं."

"मागे बसलाय उन्हात. पेपर घेऊन. वाचत नाही, नुसता धरून बसतो. ये. चहा टाकते, आणि न पिता जाऊ नकोस, मागच्या खेपेसारखी."

मागची खेप चार वर्षांपूर्वीची होती.

सर वाळले होते. तिला पाहून उठायला लागले, तिने हाताने बसा म्हटलं. बाकावर मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून ती बसली आणि खणातलं काही वाचून दाखवावं तसं सगळं सांगितलं. बावीस अंडी, सतरा अळ्या, आठ उबेत, नऊ थंडीत. चार माद्या. दोन ठिपके. राखी खालची बाजू. प्रमुख काय म्हणाले ते. आणि मग वाट पाहत बसली.

तिने येताना विचार केला होता की ते चिडतील. म्हणतील, तुझ्या बरण्यांत भलतंच काहीतरी मिसळलं असेल. म्हणतील, चार नमुन्यांवरून कोण काय ठरवतं. तसं झालं तर काय उत्तर द्यायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं.

"चारही?" त्यांनी विचारलं.

"चारही."

"आणि आई साधी."

"अगदी साधी. ओढ्याकाठची."

ते पेपराची घडी घालत राहिले, चार घड्या, आठ घड्या, आता आणखी पडेना. "म्हणजे मी नेहमीच्याच पाच माद्यांसाठी थांबलो होतो," ते म्हणाले. आवाज अगदी सपाट होता.

वन्सं चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि कप हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"स्लाइड आहे का अजून?" सरांनी विचारलं.

"कसली?"

"मूळ नमुन्याची. मी पोटाचा शेवटचा भाग सोडवून स्लाइड केली होती. पंखांवर जाऊ नकोस, पंख फसवतात. आतले प्रजननाचे अवयव जुळले तर जात एकच, संपलं."

"आहे. माझ्याच कपाटात आहे."

"मग उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते आले. रखवालदाराने उठून सलाम केला, प्रमुख दोन खुर्च्या घेऊन धावले, आणि मग सगळे शहाण्यासारखे बाजूला झाले. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दोघंच उरली. त्यांनी चिमटा उचलला आणि ताईने पाहिलं, त्यांचा हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नव्हे.

"कधीपासून?"

"झाली तीन वर्षं. गोळ्या चालू आहेत." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तू कर. मी बघतो."

तिने थंडीतल्या एका मादीचं पोट टोकाशी अलगद तोडलं, दाहक द्रावणात टाकून बशी तापवायला ठेवली. चरबी विरघळून निव्वळ कवच उरायला वेळ लागतो. दोघं बशीकडे बघत बसले. नंतर तिने ते पाण्यात घेतलं, सुईने बाजू सोडवल्या, आणि तांबूस, केसाएवढा अवयव काचेवर सरळ केला. शेजारी जुनी स्लाइड ठेवली. ती पिवळी पडली होती, पण अक्षर त्यांचंच, ठसठशीत.

सर वाकले. एकदा ही, एकदा ती. भिंग बदललं. पुन्हा ही, पुन्हा ती. मग गावभर मिळणाऱ्या साध्या मादीची तिसरी स्लाइड मागितली. ती पाहिली.

"एकच आहे," ते म्हणाले. "तेव्हाही दिसलं असतं. शेजारी ठेवून पाहिलं असतं तर."

"मग पाहिलं का नाहीत?" ती म्हणाली. "तुम्हीच मला शिकवलंत. एकट्या मादीवरून किंवा एकट्या नरावरून जात लिहायची नाही. पहिल्याच आठवड्यात."

"हो."

"मग?"

"ती नवी असायला हवी होती." ते अजून भिंगातच पाहत होते. "मी जिथे थांबलो तिथे काहीतरी असायला हवं होतं. रिकाम्या हाताने परत आलो, असं चालणार नव्हतं मला."

आपल्याला आता राग येईल, असं तिला वाटलं. ती थांबली. आला नाही. हातपाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पडून होते. पण तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते तिने तेवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"ती तुम्हाला विचारत होती. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विचारत होती. मग नाही विचारलं."

सरांनी डोकं वर केलं. "हे कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि दारापाशी येऊन परत गेल्या.

"काय विचारत होती?"

"बाबांनी या खेपेला काय धरलं, म्हणून."

त्यांनी चष्मा काढला आणि थरथरत्या हाताने टेबलावर ठेवला. चेहरा वाकडा झाला. घशातून आवाज आला, आधी हसल्यासारखा आणि मग तसा नव्हता. "साधंच गं," ते म्हणाले. बायकोला नव्हे. "साधंच. तपकिरी."

ते रडत असताना तिने बशी धुतली, सुया पुसून ठेवल्या, तिसरी स्लाइड जागेवर नेऊन ठेवली. तिला रडू आलं नाही. पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण तो कसा ठेवतात तेच आठवेना. शेवटी तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि पेला धरायला मदत केली, कारण एका हाताने तो सांडला असता.

लेख लिहायला दीड महिना लागला. त्यांनी हट्टाने तिचं नाव आधी घातलं. "अळ्या तिने वाढवल्या, ओळखलं तिने. मी फक्त चुकलो," असं प्रमुखांना सांगितलं. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी सरळ लिहिलं, की मूळ वर्णन एकाच ऋतूतल्या पाच माद्यांवरून, पुरेशी तुलना न करता केलं होतं. प्रमुख म्हणाले, एवढं कशाला सर, थोडं सौम्य करू. सर म्हणाले, राहू दे.

वन्संना मात्र हे पटेना. लेख छापून आला त्या दिवशी त्यांनी ताईला घरी फोन केला. "म्हणजे पोरीचं नाव काढून टाकलंत? दोघांनी मिळून?"

"काढत नाहीत, वन्सं. जुनं नाव वर राहतं, तिचं त्याच्याखाली लिहितात. ते पुसत नाहीत. दुसऱ्या कुठल्या फुलपाखराला देताही येत नाही."

"खाली म्हणजे किती खाली?"

"पुढच्याच ओळीत."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "आणि तू जेवतेस का वेळेवर? आवाज बसलाय तुझा."

खण हलवायचं काम ताईचंच. तिने बाराव्या खणातल्या पाच माद्या एकेक उचलल्या आणि साध्या स्किपरांच्या रांगेच्या शेवटी टोचल्या. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या, तारखांसकट. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या नसतात. चारही नव्या माद्या त्यांच्या शेजारी आल्या. बाहेरून बघणाऱ्याला एका घरातल्याच वाटल्या असत्या.

त्यानंतर सर दर बुधवारी यायला लागले. न ओळखलेल्या स्किपरांचे चाळीस डबे तळघरात पडले होते, कुणी त्यांना हात लावत नव्हतं. ते बघत, ती पंख धरून दाखवी. ते सांगत, ती चिठ्ठी लिही. बहुतेक वेळा तेवढंच बोलणं होई. पण प्रत्येक बुधवारी ते मधेच एखादा प्रश्न विचारत, डोळा भिंगाला लावून, जणू ठिपके मोजताना आठवलं. डॉक्टर किती वाजता आला होता? तू एकटीच होतीस की शेजारचं कुणी होतं? काही खाल्लं होतं का तिने? ती उत्तर द्यायची. तिला सगळं पाठ होतं, चिठ्ठीवर लिहिल्यासारखं, आणि ते सांगताना आत काही हलत नसे. एवढं सांगता येतंय याचंच तिला नवल वाटे.

सातव्या की आठव्या बुधवारी त्यांनी विचारलं, "शेवटी तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं? खिडकीकडे की भिंतीकडे?"

"खिडकीकडे," ती म्हणायला गेली आणि थांबली. पलंग आठवला, चादर आठवली, उशीला लागलेला औषधाचा डाग आठवला. तोंड कुठल्या बाजूला होतं, ते दिसेना. तिने भिंतीकडे करून पाहिलं, खिडकीकडे करून पाहिलं. दोन्हीकडे नुसती उशी.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"राहू दे मग."

"नाही, मला माहीत होतं." तिच्या हातातल्या स्किपरचा पंख टणकन मिटला आणि कडेला चिरला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. "मला माहीत होतं हो. मी तिथेच बसले होते."

ती उठली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि ओढ्याकडच्या पायरीवर बसली. छातीत इतकं दुखत होतं की तिला वाटलं आपण आजारी पडलो. थोड्या वेळाने सर भिंतीला धरत धरत आले आणि एक पायरी खाली बसले. त्यांनी काही विचारलं नाही. गवतावर दोन तपकिरी स्किपर झपाझप इकडून तिकडे जात होती. नर की मादी, ते एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं, आणि दोघांपैकी कुणी तसा प्रयत्नही केला नाही.